फुकटचं कार्ट आणि दुसऱ्या वर्षाचं बिल: क्लायंटचं ऑनलाइन दुकान उभारताना या चुका टाळा

"दादा, क्लायंटला कुठलं शॉपिंग कार्ट देऊ? आणि पैसे किती सांगू?" साइट बनवणाऱ्या नवख्यांकडून हा प्रश्न मला इतक्यांदा येतो (कार्ट म्हणजे ऑनलाइन दुकान चालवणारं सॉफ्टवेअर) की उत्तर टाइप करून ठेवलंय: क्लायंट विकतो काय, महिन्याला ऑर्डरी किती आणि एका ऑर्डरमागे त्याच्या हातात किती उरतात? यावर पलीकडून बहुतेक वेळा काहीच येत नाही. थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा तयार साचा, मात्र विकत घेऊन झालेली असते.

आकडा आधी बोलून मग विचार करायचा, हे पाप मीही केलंय. रत्नागिरीकडचे एक बागायतदार काका. हापूसच्या पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना विकायच्या होत्या. पाडव्याला फोन आला, साइट अक्षय्य तृतीयेच्या आधी हवी. वूकॉमर्स हे वर्डप्रेसवर चालणारं कार्ट फुकट म्हणून ते धरलं आणि "सगळं मिळून १८ हजार" असं फोनवरच बोलून बसलो.

तृतीयेच्या आदल्या संध्याकाळी काकांचा आवाज चढलेला. "अहो, गिऱ्हाईक म्हणतंय पैसे कापले, तुमची साइट म्हणते ऑर्डर रद्द. मी कुणाचं खरं मानू?"

खरं दोघांचंही होतं. लोक यूपीआय ॲपमध्ये पैसे भरायचे आणि साइटवर परत न येता फोन खिशात टाकायचे. अशा वेळी पैसे आल्याचं गेटवे (दुकानासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) दुकानाला परस्पर कळवतो, त्याला वेबहुक म्हणतात. घाईत मी तो जोडलाच नव्हता. मग ऑर्डर "पेमेंट बाकी" अशीच पडून राहायची. वूकॉमर्समध्ये स्टॉक धरून ठेवायची मुदत मुळात ६० मिनिटं असते. ती संपली की न भरलेली ऑर्डर आपोआप रद्द होते आणि माल पुन्हा विक्रीला लागतो. तसा तो लागला, दुसऱ्या कुणी घेतलाही. एका पेटीला दोन मालक, दोघांचेही पैसे भरलेले.

रात्री एकपर्यंत काकांचा मुलगा गेटवेचा रिपोर्ट वाचत होता आणि मी ऑर्डरींशी एकेक मोबाइल नंबर जुळवत होतो. ज्यांना पेटी देता येणार नव्हती त्यांना रिफंड. रिफंड केला तरी गेटवेचं शुल्क सहसा परत मिळत नाही, तो फटका काकांना. माझी रात्र १८ हजारांत कुठे धरलीच नव्हती, ती माझ्या खिशातून.

तेव्हापासून दुकान सोपवण्याआधी स्वतःच्या फोनवरून छोटी ऑर्डर टाकतो, यूपीआयने पैसे भरतो आणि मुद्दाम ब्राउझर बंद करतो. ऑर्डर तरीही "प्रोसेसिंग"मध्ये गेली, म्हणजे पैसे आल्याची नोंद झाली, तरच उरलेली रक्कम मागतो.

कोटेशनही बदललं. आता त्यात तीन रकाने असतात: एकदाच, दरवर्षी, दर ऑर्डरमागे. पहिल्या रकान्यात माझं काम. दुसऱ्यात डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), विकतच्या प्लगइनचे (साइटला सुविधा जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रामचे) रिन्यूअल आणि हंगामातला सपोर्ट. नवखे लोक दुसरा रकाना लपवतात, काम हातचं जाईल म्हणून. पुढच्या वर्षी प्लगइनचं डॉलरमधलं बिल येतं, तेव्हा क्लायंट म्हणतो, "हे तर ठरलेल्या पैशातच होतं ना?" त्याचं काय चुकलं?

तिसरा रकाना तर कुणी मांडतच नाही. शॉपिफायचं, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या तयार कार्टचं, उदाहरण घ्या. त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, म्हणून बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि बेसिक प्लॅनवर त्यासाठी २ टक्के शुल्क पडतं. गेटवे स्वतः २ टक्के घेत असेल तर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. दोन्ही मिळून १,५०० रुपयांच्या ऑर्डरमागे साधारण ६५ रुपये गेले. महिन्याला २०० ऑर्डरी असतील तर १३ हजार, प्लॅनचं भाडं वेगळंच. पैठणी विकणाऱ्याला हे जाणवणार नाही. चकली-भाजणी विकणाऱ्या मावशींचा नफाच त्यात जाईल.

म्हणून शॉपिफाय वाईट, असं मुळीच नाही. अपडेट, सुरक्षा, दिवाळीची गर्दी ही डोकेदुखी त्यांची असते. ज्या क्लायंटकडे कॉम्प्युटरला हात लावणारं कुणी नाही, त्याला मी डोळे मिटून तेच देतो. आणि महिन्याला वीस-तीस ऑर्डरी असतील तर कार्टच देत नाही: व्हॉट्सॲप कॅटलॉग, यूपीआयचा क्यूआर, झालं. यात आपली कमाई बुडते खरी, पण असाच क्लायंट दोन वर्षांनी ऑर्डरी वाढल्या की परत येतो.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. टेलिग्रामवरून उचललेलं क्रॅक केलेलं प्लगइन लावू नका. त्यात काय दडवलंय ते तुम्हाला कळणार नाही, आणि गिऱ्हाइकांचे पत्ते-नंबर त्याच साइटवर असतात. चाळीस वस्तूंच्या दुकानाला मॅजेंटो हे मोठ्या दुकानांचं कार्ट म्हणजे भाजी आणायला ट्रक. कॅश ऑन डिलिव्हरी सरसकट चालू करू नका, परत आलेल्या पार्सलचं जातानाचं आणि येतानाचं कुरिअर दुकानदारच भरतो. खोक्याचं मापही आधी विचारा: बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात, येणारा आकडा किलोतलं वजन धरतात आणि ते व प्रत्यक्ष वजन यांत जे जास्त निघेल त्याचे पैसे लावतात. डोमेन क्लायंटच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घ्या. "नंतर ट्रान्सफर करू" म्हणणाऱ्यांचं नंतर कधी येत नाही.

काकांची साइट अजून चालते. पाडव्याला उघडतो, पाऊस लागला की "हंगाम संपला"ची पाटी लावतो. आता या दोन्हीचे पैसे दुसऱ्या रकान्यात असतात, आणि काका ते आधीच देतात.