'द सी बीस्ट' बघायचा असेल तर

देवमाशामागे लागलेल्या कप्तान एहॅबची कादंबरी 'मोबी डिक' (1851) जिवापाड आवडत असेल, तर तिच्यावरचा 1926 चा हा मूकपट लावण्यापूर्वी कादंबरी कपाटात ठेवा. इथे कथा सांगणारा इश्माएलच नाही. एहॅबला मात्र प्रेयसी आहे, कपटी सावत्र भाऊ आहे आणि शेवट चक्क गोड! चिडायचं ते आधीच चिडून घ्या.

फोन लांब ठेवा. मान खाली गेली की पडद्यावरची संवादाची पाटी हुकते, मग कोण कोणावर का उखडलंय ते कळत नाही. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर प्रत चुकीच्या वेगाने चालली आहे. वेग कमी करून बघा. संगीत डोक्यात जात असेल तर बेलाशक बंद करा, मी करते.

देवमाशाकडून फार अपेक्षा नको. बघायचा तो एहॅब झालेला जॉन बॅरीमोर. आधीचा देखणा, ऐटीत चेहऱ्याची बाजू दाखवणारा खलाशी आणि पाय गेल्यानंतरचा विस्कटलेल्या केसांचा, पेटलेल्या डोळ्यांचा कप्तान, यांत सगळी गंमत आहे. नायिका डोलोरेस कॉस्टेलोबरोबरचे प्रसंग नुसता अभिनय वाटत नाहीत. 1928 मध्ये दोघांनी लग्नच केलं.

याच कथेवरचा बॅरीमोरचाच 1930 चा बोलपट 'मोबी डिक' दुसऱ्या दिवशी बघा, लागोपाठ नको.