हृदयाच्या तपासणीआधी मूत्रपिंडाचा अहवाल कसा वाचावा

अँजिओग्राफी किंवा हृदयाचा सीटी स्कॅन ठरला की सर्वप्रथम इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) आणि रक्ताचा, असे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचावेत, कारण एकाचा अर्थ दुसऱ्यावाचून पुरता लागत नाही.

रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकते त्या टाकाऊ पदार्थाच्या, नुसत्या आकड्यावर विसंबू नये. त्यावरून वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, पाहावा. क्रिएटिनिन १.२ असेल, तर २०२१ च्या सीकेडी-ईपीआय या ईजीएफआर काढण्याच्या सूत्रानुसार ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे ८३ येतो आणि ७५ वर्षांच्या स्त्रीचा जेमतेम ४७. आजीबाईंच्या क्रिएटिनिनचा आकडा पाहून घरचे निर्धास्त होतात, ते इथेच चुकते.

इकोच्या अहवालात बहुतेकांची नजर ईएफवर, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलते त्या आकड्यावर, थांबते. माझ्या मते तितकेच महत्त्व आयव्हीसीच्या, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या शिरेच्या, नोंदीला द्यावे. ही मोठी शीर २.१ सेंटिमीटरहून रुंद असेल आणि नाकाने झटकन श्वास ओढल्यावर निम्म्यानेही आकसत नसेल, तर हृदयाच्या उजव्या कप्प्यातील दाब वाढलेला असण्याची शक्यता मोठी असते. तोच दाब मागे मूत्रपिंडाच्या शिरांपर्यंत पोहोचतो आणि गाळण्याचे काम मंदावते. अशा रुग्णाचे क्रिएटिनिन वाढले म्हणून त्याला आग्रहाने पाणी पाजणे घातक ठरू शकते; उलट लघवी वाढवणाऱ्या औषधाने सूज उतरल्यावर पुष्कळदा मूत्रपिंडही सुधारते.

अँजिओग्राफी किंवा सीटीत रक्तवाहिन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून टोचला जाणारा आयोडीनयुक्त डाय मूत्रपिंडाला इजा करू शकतो; तो देताना मुख्य काळजी ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्यांची, तसेच मूत्रपिंडाला नुकतीच इजा झालेल्यांची घ्यावी लागते. त्यांना एरवी तपासणीच्या आधी व नंतर शिरेतून सलाईन देतात, परंतु आयव्हीसी फुगलेली असताना तेच सलाईन फुप्फुसात पाणी साचवू शकते, म्हणून त्याचे प्रमाण हृदयरोगतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावे. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध चालू असल्यास ते थांबवायचे का, हे आधीच विचारावे, आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके त्या दिवसांत टाळावीत. तपासणीनंतर ४८ ते ७२ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासावे. ४८ तासांत ०.३ ची वाढही डॉक्टरांना कळवण्याजोगी असते. हृदयविकाराचा तीव्र झटका आलेला असेल, तर मात्र मूत्रपिंडाच्या भीतीने अँजिओग्राफी लांबवू नये.

एमआरआयमध्ये आयोडीनऐवजी गॅडोलिनियम या धातूचा डाय वापरतात; ईजीएफआर कमी असेल तर ते तेथे आधी सांगावे.

डायलिसिसवरील रुग्णाचा इको शक्यतो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी करावा. डायलिसिसआधी अंगात पाणी साठलेले असते, तेव्हा आयव्हीसी फुगलेली दिसते आणि झडपेची गळतीही जास्त भासू शकते. चिठ्ठीवर शेवटच्या डायलिसिसची तारीख, वेळ आणि त्यानंतरचे वजन लिहावे, आणि फिश्चुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने शीर धमनीला जोडलेली जागा) कोणत्या हातात आहे तेही नोंदवावे, म्हणजे त्या हाताला कोणी रक्तदाबाचा पट्टा बांधणार नाही.