खासगी विमानाच्या केबिनची रचना करताना

खासगी किंवा व्यावसायिक विमानाच्या केबिनचे काम हाती आले की पहिल्याच बैठकीत लेदर आणि कापडाचे नमुने मांडण्याचा मोह आवरावा. विमान मुख्यतः किती तासांच्या उड्डाणांसाठी वापरले जाणार आहे, त्यात किती जण झोपणार आणि किती जण बसून काम करणार, हे मालकाकडून आधी लेखी घ्यावे, कारण आसनांचा आराखडा, गॅलीचा (विमानातील स्वयंपाकाच्या जागेचा) आकार आणि सामानाची जागा या उत्तरांवरच ठरते.

आराखडा काढताना केबिन गोलाकार नळीसारखी असते याचा विसर पडू देऊ नये. खांद्याच्या पातळीवर मिळणारी रुंदी पायांपाशी मिळत नाही. गल्फस्ट्रीम जी६५० मध्ये केबिनची उंची सुमारे १.९ मीटर असते, तर सेसना सायटेशन सीजे४ मध्ये ती सुमारे १.४५ मीटरच भरते, त्यामुळे एका विमानात शोभलेली मांडणी दुसऱ्यात तशीच उतरवता येत नाही.

प्रत्येक वस्तूच्या वजनाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी. वाढलेले वजन विमानाचा पल्ला किंवा प्रवासी व सामान वाहण्याची क्षमता कमी करते. म्हणूनच भरीव लाकडाऐवजी मधाच्या पोळ्यासारखी पोकळ रचना असलेल्या हलक्या हनीकोम्ब पॅनेलवर व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवतात. उंचीवर केबिनमधील हवा अतिशय कोरडी असते. अशा हवेत भरीव लाकूड आकसते आणि त्याला भेगा पडतात, हेही त्यामागचे एक कारण आहे.

सर्वाधिक वेळ मात्र आगीच्या चाचण्यांसाठी राखून ठेवावा. मोठ्या जेट विमानांना लागू असलेल्या अमेरिकी नियम २५.८५३ नुसार भिंतीच्या आणि छताच्या पॅनेलचा नमुना उभा टांगून त्याला ६० सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यानंतर तो सरासरी १५ सेकंदांच्या आत विझला पाहिजे आणि जळालेली लांबी सरासरी सुमारे १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त भरता कामा नये. कापड, लेदर आणि गालिचे यांना १२ सेकंदांची ज्योत लावली जाते, तर आसनाच्या गादीला तेलाच्या बर्नरची वेगळी, अधिक कठोर चाचणी द्यावी लागते. माझ्या मते नवखे रचनाकार इथेच अडकतात: लेदर, फोम आणि गोंद स्वतंत्रपणे उत्तीर्ण झाले, तरी एकत्र जोडल्यावर ते वेगळ्या प्रकारे जळू शकतात, म्हणून प्रत्यक्षात बसवायच्या थरांचाच नमुना चाचणीला पाठवावा.

आसनाच्या बाबतीत हौस आवरती घ्यावी. नव्या आराखड्याच्या जेट विमानांत आसनांना समोरच्या दिशेने १६ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट, धक्का देऊन तपासतात. फोमचा कडकपणा बदलला तरी प्रवाशाच्या शरीराची हालचाल बदलते आणि जुन्या चाचणीचा आधार सुटू शकतो. फोम बदलण्यापूर्वी आसन-उत्पादकाची लेखी संमती घ्यावी.

रंग शेवटी निवडावेत, आणि ते केबिनमध्ये बसवायच्या एलईडी दिव्यांखाली तसेच उन्हात पाहावेत. ढगांच्या वर खिडकीतून येणारा प्रकाश प्रखर असतो, त्यात फिकट लेदरवरचा डाग लगेच नजरेत भरतो. निवडलेल्या रंगाच्या त्याच लॉटमधील थोडे जादा लेदर चाचणी-अहवालाच्या प्रतीसह जपून ठेवावे. पुढे एखादी गादी बदलावी लागली तर दोन्ही लागतात.