अंदमानच्या बेटांचे वेळापत्रक परतीच्या दिवशी कोलमडत असेल तर : माझा अनुभव

श्रीविजयपुरम (पोर्ट ब्लेअर), स्वराजद्वीप (हॅवलॉक) आणि शहीदद्वीप (नील) यांचा आराखडा मी तीनदा आखला आणि तिन्ही वेळा तो परतीच्या विमानापाशी येऊन मोडला. आधी हॉटेले घेतली, तर बोटीच्या वेळा जुळेनात. मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच ठेवून रोज ये-जा धरली, तर दिवस बोटीतच जाऊ लागले. आठवडाभर अगदी जेरीस आलो होतो.

अखेर उलट्या क्रमाने मांडणी केली, तेव्हा सारे जमले. प्रथम परतीचे विमान पक्के केले. मग आदली रात्र पोर्ट ब्लेअरला राखली, कारण समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. त्यानंतर पोर्ट ब्लेअर, स्वराजद्वीप, शहीदद्वीप, पुन्हा पोर्ट ब्लेअर अशी तिकिटे काढली आणि हॉटेले सर्वांत शेवटी घेतली. एकाहून अधिक स्कूबा डाइव्हनंतर विमानापूर्वी किमान १८ तासांचे अंतर सुचवले जाते, म्हणून डायव्हिंग स्वराजद्वीपलाच उरकले. बोटी मात्र सकाळच्याच घ्याव्यात, कारण बेटे इतकी पूर्वेला आहेत की डिसेंबरात आपल्या घड्याळात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. दुपारी उशिराच्या बोटीने गेल्यास किनारा अंधारातच दिसू शकतो.