जमशेदजी टाटांवर लिहायचंय? आधी १९०४ ची रेघ मारा

३ मार्चच्या जयंतीचं भाषण असो नाहीतर शाळेचा प्रोजेक्ट, जमशेदजींवर लिहायला बसलं की बहुतेकांचं एकच होतं, पोलाद, वीज, मुंबईचं ताज हॉटेल, बंगलोरची सायन्स इन्स्टिट्यूट सगळं एकाच माणसाने स्वतः उभं राहून बांधलं असं लिहून आपण मोकळे होतो. म्हणून पहिलं काम हे करा, कोरा कागद घ्या, मधोमध उभी रेघ मारा आणि वर लिहा १९ मे १९०४. त्या दिवशी जर्मनीत बाड नाउहाइमला ते वारले. आता एकेक गोष्ट तारीख बघून रेघेच्या डावीकडे किंवा उजवीकडे टाका.

टाकून बघा काय होतं. ताज डिसेंबर १९०३ ला उघडलं, ते डावीकडे. टिस्को म्हणजे टाटांची पोलाद कंपनी १९०७, सायन्स इन्स्टिट्यूट १९०९, साकचीचं (म्हणजे पुढच्या जमशेदपूरचं) पहिलं पोलाद १९१२, खोपोलीची वीज १९१५, ही सगळी उजवीकडे. म्हणजे चार मोठ्या स्वप्नांतलं एकच त्यांना डोळ्यांनी बघायला मिळालं. मला तरी हे कागदावर दिसलं तेव्हा गलबलून आलं होतं.

मग उजवीकडच्या प्रत्येक नोंदीपुढे करणाऱ्याचं नाव लिहा. मुलगा दोराबजी तर येतोच, पण मयूरभंजच्या लोहखनिजाबद्दल १९०४ च्या फेब्रुवारीत पत्र पाठवणारे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस, इन्स्टिट्यूटला जमीन देणारं म्हैसूर संस्थान, आणि पोलाद कंपनीसाठी तीन आठवड्यांत २ कोटी ३२ लाख रुपयांचं भांडवल उभं करणारे सुमारे ८,००० भारतीय, यांना गाळू नका.

डावी बाजू लिहिताना पडझड लपवायची नाही. घरच्या पेढीचा चीनशी व्यापार कापसाचा होता तसा अफूचाही होता, ते सरळ लिहा. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस सोन्याच्या भावाने गेला आणि १८६५ ला युद्ध संपताच भाव कोसळले, तेव्हा जमशेदजी लंडनमध्ये होते आणि पेढी पार गोत्यात आली. पुढे १८९० च्या दशकात पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीच्या चढ्या भाड्याविरुद्ध त्यांनी जपानी कंपनीला धरून जहाजं सुरू केली, समोरच्याने भाडं इतकं पाडलं की ती लाइन बंद करावी लागली.

सगळ्यात जास्त जागा मात्र नागपूरला द्या, कारण माणूस खरा कळतो तो तिथे. सगळे मुंबईत गिरण्या काढत होते आणि हे कापूस पिकतो तिथे गेले, वऱ्हाड शेजारी, रेल्वे १८६७ लाच आलेली. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. तिथल्या रिंग स्पिंडलबद्दल, म्हणजे सूत कातायच्या नव्या यंत्राबद्दल, लोक एका ओळीत उरकतात, तसं नका करू, नीट समजावून सांगा. म्यूल नावाच्या जुन्या यंत्रात चात्यांचा गाडा बाहेर जाताना सूत ओढून पिळायचं आणि परत येताना ते गुंडाळायचं, म्हणजे गुंडाळताना पीळ बंद. रिंगमध्ये चातीभोवती एक कडं असतं, त्या कड्यावर बारीकशी कडी सूत धरून गरगर फिरते, त्यामुळे पीळ आणि गुंडाळणी एकदमच चालू राहते, थांबायचं कामच नाही. इंग्लंडमधलं गिरण्यांचं लँकेशायर म्यूल सोडायला तयार नव्हतं तेव्हा हा माणूस नागपुरात रिंग लावून बघत होता. कामगारांसाठी १८८६ ला पेन्शन फंड आणि १८९५ ला अपघाताची भरपाई, हेही इथेच येऊ द्या.

१८९२ ची परदेशी शिक्षणाची मदतही विसरू नका. पहिल्या लाभार्थींमध्ये दोन बाया होत्या, फ्रेनी कामा आणि आपल्या कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर. मराठी वाचकाला हे सांगितलंच पाहिजे.

आता शेवटचं काम म्हणजे रेघ ओलांडणारे बाण काढायचे. १९०२ ला दोराबजींना लिहिलेल्या पत्रात पोलाद कारखान्याजवळ होणाऱ्या गावाचे रस्ते रुंद ठेव, सावलीची झाडं लाव, खेळायला मैदानं सोड, देऊळ, मशीद, चर्च यांना जागा ठेव असं ते सांगतात. तेव्हा गावाची जागासुद्धा ठरली नव्हती. पत्र डावीकडे आणि जमशेदपूर उजवीकडे, दोघांमध्ये बाण.

असाच दुसरा बाण विजेचा निघतो आणि तो थेट पुण्याजवळच्या मुळशीला जातो. घाटातल्या पाण्यावर मुंबईला वीज द्यायची कल्पना त्यांचीच, पण मुळशीचं धरण कंपनीने त्यांच्या मागे बरीच वर्षं गेल्यावर हाती घेतलं. मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती, १९२१ ला 'जान किंवा जमीन' म्हणत लोक उठले आणि पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले ते याच लढ्यात. धरण शेवटी झालंच. हा निर्णय जमशेदजींच्या नावावर टाकू नका, पण हा बाण काढल्याशिवाय कागदही पुरा करू नका, आणि भाषणात वेळ कमी पडला तर ताजवरचं काहीतरी कापा, मुळशी ठेवा.