आजारी आई-वडिलांना क्रूझवर नेताना

गुडघे दुखतात, दम लागतो, गोष्टी लक्षात राहत नाहीत, अशा माणसाला क्रूझचा प्रवास खरोखर मानवतो. बॅग एकदाच उघडायची, रोज हॉटेल बदलायचं नाही, जेवायला जायचं तरी लिफ्टने. मात्र ही सोय तिकीट काढण्याआधीच्या चौकशीवर ठरते.

सुरुवात डॉक्टरांपासून करा. जहाजावर डॉक्टर, नर्स आणि छोटा दवाखाना असतो. तिथे तातडीचे उपचार होतात, पण मोठ्या शस्त्रक्रियेची किंवा डायलिसिसची सोय सहसा नसते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांनी लांबच्या सफरीचा विचार सोडावा. मुंबईहून निघून मुंबईलाच परतणारी दोन रात्रींची सफर दोन डायलिसिसच्या मध्ये बसत असेल, तरी नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) हो म्हणाले तरच जा. आजार, औषधांची मूळ (जेनेरिक) नावं आणि डोस असलेलं पत्र इंग्रजीत घ्या.

मग मार्ग पाहा. एजंट खाण्यापिण्याचं आणि शोचं भरभरून सांगतात, बंदराचं क्वचितच. प्रत्येक ठिकाणी जहाज धक्क्याला लागणार की समुद्रातच थांबणार, हे विचारा. लक्षद्वीपला मोठं जहाज बेटापासून दूर नांगर टाकतं आणि लहान होडीतून किनाऱ्यावर जावं लागतं. लाटांवर हलणाऱ्या होडीत पाऊल टाकणं धडधाकट माणसालाही अवघड जातं, व्हीलचेअरवरच्या माणसाला तर तिथे बहुधा जहाजावरच थांबावं लागतं. गोव्याला मुरगाव बंदरात किंवा कोचीला जहाज धक्क्याला लागतं. चालणं कमी असेल तर मी हेच मार्ग सुचवीन.

केबिन निवडताना पैसे वाचवू नका. साध्या केबिनचं दार अरुंद असतं आणि बाथरूमला बऱ्याचदा उंच उंबरठा असतो. रुंद दार, सपाट बाथरूम आणि धरायला दांडे असलेल्या केबिन जहाजावर मोजक्याच असतात, त्या लवकर संपतात. म्हणून बुकिंग आधीच करा आणि दाराची रुंदी लेखी मागवा. व्हीलचेअर घरूनच न्या, जहाजावरची बहुधा चढण्या-उतरण्यापुरतीच मिळते. खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यभागी हेलकावे कमी जाणवतात. मळमळीच्या गोळीने गुंगी येते आणि वयस्कर माणूस पडू शकतो, तेव्हा ती मनाने देऊ नका.

विमा घेताना आधीचे सगळे आजार लिहा, लपवलेत तर दावा फेटाळला जातो. समुद्रातून रुग्णाला हॉस्पिटलपर्यंत हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, हे खास तपासा, तो फार मोठा असतो. जहाजावरच्या डॉक्टरांचं बिलही आधी तुम्हालाच भरावं लागतं.

औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग बंदरावर घेतली जाते आणि केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होऊ शकते. गोळ्या मूळ पाकिटात असाव्यात, आणि सफरीपेक्षा काही दिवसांच्या जास्तच. सिंगापूर किंवा दुबईहून क्रूझ घेणार असाल तर काही झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक औषधांना तिथे आधी परवानगी लागते. इन्सुलिनसाठी फ्रीज, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन देणारं यंत्र), सीपॅप मशीन (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं यंत्र) यांबद्दल कंपनीला आधीच लेखी कळवा. एक्स्टेन्शन बोर्ड परस्पर नेऊ नका, अनेक जहाजांवर तो काढून घेतात.

चढल्यावर पहिलं काम सुरक्षा कवायतीचं. आपत्तीत लिफ्ट वापरायची नसते, म्हणून ‘आम्हाला जिन्यावर मदत लागेल’ हे कर्मचाऱ्यांना त्याच दिवशी सांगा आणि नोंद करून घ्या. विसरभोळेपणा असेल तर सगळे कॉरिडॉर सारखेच दिसतात. दार बहुधा लोखंडी असतं, त्यावर ओळखीचा फोटो चुंबकाने लावा आणि खिशात केबिन नंबर व तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

आता तुमचं स्वतःचं. घरी रात्रंदिवस सांभाळणारी सून किंवा मुलगी जहाजावरही तेच करत राहिली, तर ही सुट्टी तिची नव्हेच. शक्य असेल तर सोबत आणखी एक मोठं माणूस न्या आणि निघण्याआधीच वेळा वाटून घ्या: सकाळी एकाने, संध्याकाळी दुसऱ्याने. बाबांना बंदरावर उतरायचं नसेल तर आग्रह करू नका. त्या दिवशी डेक रिकामा असतो, खुर्च्या मिळतात आणि कुणी घाई करत नाही.

उतरण्याच्या आदल्या रात्री रिसेप्शनवर व्हीलचेअरची मदत आणि वेळ नोंदवा. सकाळच्या गोळ्या आणि थोडं खाणं बाहेरच ठेवा, मोठी सुटकेस रात्रीच दाराबाहेर ठेवावी लागते.