पोर्तुगीज नावांत पौंडाचे चिन्ह कुठून येते? बहुभाषी संकेतस्थळ दुरुस्त करताना या चुका टाळा

गोव्यातील सांजाव या सणाचे पोर्तुगीज नाव ‘साओ जोआओ’ रोमन लिपीत लिहिताना दोन्ही शब्दांतील ‘ए’ या अक्षरावर नागमोडी चिन्ह द्यावे लागते. मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज मजकूर एकत्र असलेल्या संकेतस्थळावर कधी कधी नेमके हेच अक्षर बिघडते आणि त्याच्या जागी नागमोडी चिन्हाचा मोठा ‘ए’ व त्यापुढे पौंडाचे चिन्ह उमटते. अशा वेळी ती जोडी शोधून तिथे मूळ अक्षर भरून टाकणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण पान सुधारल्यासारखे दिसले तरी पुढच्या नोंदीत दोष पुन्हा डोके वर काढतो.

बिघडलेले अक्षर आधी नीट वाचावे. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे अंकांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत, हे अक्षर १९५ आणि १६३ अशा दोन बाइटांत साठवले जाते. विंडोज-१२५२ या जुन्या एन्कोडिंगमध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर असल्यामुळे १९५चा मोठा ‘ए’ होतो आणि १६३चा पौंड. येथे माहिती शाबूत असते, वाचन तेवढे चुकलेले असते. काळ्या चौकटीत पांढरे प्रश्नचिन्ह दिसले, तर बहुधा उलट घडलेले असते, म्हणजे जुन्या एन्कोडिंगमधील मजकूर यूटीएफ-८ समजून वाचला गेलेला असतो. साधे प्रश्नचिन्ह मात्र खरोखर चिंतेचे आहे. ते डेटाबेसमध्येच साठले असेल, तर मूळ अक्षर गेले आणि ते केवळ बॅकअपमधून किंवा मूळ कागदावरूनच परत मिळेल.

पानाच्या आरंभी ‘मेटा’ टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहिले की काम झाले, हा समजही चुकीचा आहे. तो टॅग पहिल्या १०२४ बाइटांच्या आत असावा लागतो, शिवाय सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या माहितीत, म्हणजे हेडरमध्ये, वेगळे एन्कोडिंग सांगितले असेल, तर ब्राउझर हेडरचेच ऐकतो.

खरे नुकसान होते ते डेटाबेसमध्ये. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या ५.७ आवृत्तीपर्यंत आपोआप लागू होणारे एन्कोडिंग लॅटिन-१ हे एका बाइटचे जुने एन्कोडिंग होते, ते ८.० आवृत्तीत बदलले. जुन्या संकेतस्थळांत टेबल आणि संकेतस्थळाची डेटाबेसशी असलेली जोडणी दोन्ही लॅटिन-१ असल्यामुळे यूटीएफ-८चे बाइट जसेच्या तसे आत-बाहेर होत राहतात आणि पाने वर्षानुवर्षे व्यवस्थित दिसतात. पुढे कोणीतरी जोडणी तेवढी सुधारतो आणि सगळी पाने एकदम बिघडतात. घाईने टेबलाचे थेट रूपांतर केल्यास चुकीची चिन्हेच पुन्हा एन्कोड होऊन दोन बाइटांचे चार होतात. त्याऐवजी बॅकअप घ्यावा, टेबलाच्या प्रतीवर काही नोंदींचे बाइट षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत तपासावेत, आणि ते यूटीएफ-८चेच असल्याची खात्री पटल्यावर कॉलम आधी ‘ब्लॉब’ (एन्कोडिंगविना केवळ बाइट ठेवणारा प्रकार) व नंतर ‘यूटीएफ८एमबी४’ (मायएसक्यूएलमधील पूर्ण यूटीएफ-८) करावा. काही नोंदी जुन्या आणि काही नव्या पद्धतीच्या असतील, तर त्या प्रथम वेगळ्या कराव्यात. माझ्या मते हे कंटाळवाणे काम टाळणे सर्वांत महागात पडते.

मायएसक्यूएलमधील नुसते ‘यूटीएफ८’ निवडू नये, कारण त्यात एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. देवनागरीला ते पुरतात, परंतु २०१४ साली युनिकोड या जागतिक अक्षरसंचात आलेल्या मोडी लिपीच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात.

शेवटचा दोष डोळ्यांना दिसतच नाही. चिन्हासह ‘ए’ हे एकच अक्षर म्हणून लिहिता येते, तसेच साधा ‘ए’ आणि त्याला जोडलेले सुटे चिन्ह असेही लिहिता येते. दिसायला दोन्ही सारखे असले, तरी शोधात ते जुळतीलच असे नाही. आपल्या ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’चेही तसेच आहे, तो एकसंध असतो किंवा ‘र’ आणि नुक्ता मिळून बनलेला असतो. म्हणून मजकूर साठवताना आणि वाचकाने शोधासाठी लिहिलेला शब्द घेताना, दोन्ही ठिकाणी युनिकोडचे ‘एनएफसी’ रूप, म्हणजे शक्य तिथे एकसंध अक्षर वापरणारे रूप, करून घ्यावे.